शिकारीच्या हंगामात सरकारी जंगलात दुसऱ्याची वस्तू दिसली तर: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा किंवा पेनसिल्व्हेनिया या राज्यांत नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे सप्टेंबर-ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला जंगलात जाऊ लागतात, आणि नेमका तोच काळ शिकारीच्या तयारीचा असतो. पायवाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, खोडाला पट्ट्याने आवळलेली शेवाळी रंगाची डबी, फांद्यांना बांधलेल्या नारिंगी फिती अशा वस्तू दिसतात; माणूस मात्र कुठेच दिसत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपण वाढलो, त्यामुळे शिकार म्हटले की चोरटी शिकार एवढेच आपल्या डोक्यात येते, आणि तसे वाटले नाही तर कोणीतरी कचरा टाकून गेले असे वाटते. बहुतेक वेळा हे दोन्ही अंदाज चुकतात. त्या वस्तू परवानाधारक शिकाऱ्यांनी नियमांनुसार मांडलेल्या असतात आणि त्यांचे मालक परत येणार असतात.

हा लेख शिकारीच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. जमीन सर्वांची असली तरी तिच्यावर ठेवलेली वस्तू सर्वांची होत नाही, आणि ही गोष्ट आपल्याला खरे तर नवी नाही. रानातून येणारी बाई मोळी वाटेकडेला टेकवून पाण्याला जाते तेव्हा ती मोळी कोणी उचलत नाही. इथे मोळीच्या जागी काय काय असते ते माहीत नसल्यामुळे घोटाळा होतो.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी जमीन आणि तारीख पाहावी

‘पब्लिक लँड’ या एका नावाखाली निरनिराळ्या नियमांच्या जमिनी येतात. नॅशनल पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी शिकारीला बंदी असते. नॅशनल फॉरेस्ट, राज्यांची स्टेट फॉरेस्ट्स आणि वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया या ठिकाणी ती सर्रास चालते. पेनसिल्व्हेनियातील स्टेट गेम लँड्स सुमारे १५ लाख एकर आहेत. तिथे पायी फिरायला आपल्याला मज्जाव नाही, परंतु शिकाऱ्यांनी भरलेल्या परवाना-शुल्कातून ज्या जमिनी विकत घेतल्या गेल्या, त्या जमिनींवर थोडे पाहुण्यासारखे वागणे आपल्याला शोभते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरील विशेष कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आपण ज्या वाहनतळावर गाडी लावतो त्यातही कदाचित तो मुरलेला असतो.

तारखा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘डीएनआर’च्या, आणि पेनसिल्व्हेनियात ‘गेम कमिशन’च्या संकेतस्थळावर दरवर्षी पाहाव्यात. धनुष्यबाणाचा हंगाम शरद ऋतूच्या आरंभीच सुरू होतो. बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला उघडतो, विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस चालतो, आणि पेनसिल्व्हेनियात २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. या दिवसांत झगझगीत नारिंगी जाकीट आणि टोपी न घालता जंगलात जाऊ नये. पेनसिल्व्हेनियाच्या गेम लँड्सवर तर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात शिकार न करणाऱ्यांनीही २५० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर घ्यावे, असा नियम आहे. पांढरी टोपी, पांढरा रुमाल किंवा पांढरे हातमोजे घरीच ठेवावेत, कारण इथले हरीण पळताना शेपटी उभारते आणि तिची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. पहाट आणि संध्याकाळ शिकाऱ्यांना सोडून द्यावी आणि आपण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात फिरावे.

दुसरी पायरी: मचाण ओळखावे आणि त्यावर चढू नये

झाडाला टेकवलेल्या शिडीच्या टोकाला एक माणूस बसेल एवढी जाळीची बैठक असते, तिला ‘लॅडर स्टँड’ म्हणतात. साखळीने किंवा पट्ट्याने नुसती बैठक खोडावर टांगलेली असेल तर तो ‘हँग-ऑन’. दोन्ही साधारण १५ ते २० फूट उंचीवर असतात. मराठीत यांना सरळ मचाण म्हणावे. काम तेच आहे.

मचाणावर मालकाची खूण असते. मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवरील मचाणावर नाव-पत्ता, वाहनचालक परवान्याचा क्रमांक किंवा शिकार-कार्डाचा क्रमांक जमिनीवरून वाचता येईल अशा इंग्रजी अक्षरांत लावावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये डीएनआरच्या जमिनींवर हायवे ६४ च्या उत्तरेला मचाण रात्रभर ठेवण्याची मुभा आहे, तिथेही मालकाची ओळख लावूनच; दक्षिणेला मात्र ते रोज उतरवून न्यावे लागते. मिनेसोटाच्या बहुतांश वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियांतही ते रोज काढायचे असते. म्हणजे एकाच प्रकारचे रिकामे मचाण एका ठिकाणी नियमात असते आणि पन्नास मैलांवर नियमाबाहेर. ते कोणत्या बाजूला आहे हे ठरवणे आपले काम नाही.

माझे वडील पहिल्यांदा इकडे आले तेव्हा असे एक मचाण पाहून थबकले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी मोजलेले गृहस्थ ते, त्यांना राहवेना. “दोन मिनिटे वर बसून बघतो,” म्हणाले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवलाही. “बाबा, आधी हा पट्टा बघा,” असे म्हणून मी त्यांना शिडी खोडाशी बांधणारा पट्टा दाखवला. उन्हाने त्याचा हिरवा रंग पांढुरका पडला होता, कडेचे धागे सुटून दाढीसारखे लोंबत होते आणि एका जागी खारीने कुरतडून तो अर्ध्या रुंदीचा केला होता. वर उशीचा फोम निघालेला आणि खाली एक बारीक दोरी लोंबत होती. ही दोरी बंदूक वर ओढून घेण्यासाठी असते, कारण हातात बंदूक घेऊन शिडी चढायची नाही हा शिकाऱ्यांचा पहिला धडा असतो. दुसरा धडा अंगभर आवळलेल्या सुरक्षापट्ट्याचा. मालक दर हंगामाआधी पट्टे तपासतो किंवा बदलतो आणि सुरक्षापट्टा बांधूनच चढतो. आपण यातले काहीच करत नाही. बाबा खाली उतरले आणि मग बराच वेळ खालूनच त्या बैठकीचा कोन कोणत्या वाटेवर लागतो ते बघत राहिले, ज्याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नव्हते.

मचाण दिसले म्हणून परत फिरण्याची गरज नाही. काही राज्यांच्या नियमपुस्तिकेत तर स्पष्टच लिहिलेले असते की नाव लावल्याने त्या जागेवर एकट्याचा हक्क होत नाही. मचाण त्याचे, झाड त्याचे नाही. वर माणूस असेल तर हात हलवून, आवाज न चढवता पुढे निघून जावे आणि त्या झाडाखाली डबा उघडून बसू नये. शिकाऱ्याच्या कामात हेतुपुरस्सर अडथळा आणण्याविरुद्ध अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदे आहेत. वाटेने बोलत जाणे त्यात सहसा बसत नाही. जनावरे उधळावीत म्हणून मुद्दाम ओरडणे, मचाण पाडणे किंवा त्याचा पट्टा कापणे निश्चितच बसते. आणि वरून पडून सुरक्षापट्ट्याला लोंबकळत असलेला माणूस दिसला, तर मागेपुढे न पाहता ९११ ला फोन करावा, कारण तसे फार वेळ लटकणे जिवावर बेतते.

जमिनीवर उभारलेला झाडोऱ्याच्या रंगाचा छोटा तंबू म्हणजे ‘ग्राउंड ब्लाइंड’, आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या भाषेत लपण. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात डीएनआरच्या जमिनीवरील लपणीवर सर्व बाजूंनी दिसेल असे १४४ चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी कापड लावावे लागते. लपणीची चेन उघडून आत डोकावू नये. ती रिकामी वाटते तेव्हाच आत कोणीतरी बसलेले असण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी: फिती आणि चमकत्या टाचण्या सोडू नयेत

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात उत्तर मिशिगनमधील एका राज्य-जंगलात फांद्यांना बांधलेल्या नारिंगी प्लॅस्टिकच्या फिती दिसल्या. मध्येमध्ये खोडांत खुपसलेल्या, बटणाएवढ्या पांढऱ्या टाचण्याही होत्या. आपल्याकडच्या गडांवर प्लॅस्टिक गोळा करण्याची सवय असल्यामुळे मी फिती सोडत आणि टाचण्या उपटत गेलो, आणि पिशवीत अकरा फिती आणि मूठभर टाचण्या घेऊन समाधानाने गाडीपाशी आलो. तिथे ट्रकमधून सामान उतरवणाऱ्या एका वयस्क माणसाने पिशवीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले की हे कुठून आणले. टाचण्या परावर्तक असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. पहाटे साडेपाचला, काळोखात, डोक्यावरच्या विजेरीच्या उजेडात एकेक टाचणी उजळते आणि तिच्या मागोमाग माणूस मचाणापर्यंत पोहोचतो. मी त्याची वाट पुसून टाकली होती. आम्ही दोघे परत गेलो. कोणती फीत कोणत्या झाडाची हे मला सांगता येईना. त्याला प्रत्येक झाड पाठ होते, आणि प्रत्येक ठिकाणी तो फीत बांधायला माझ्याच हातात द्यायचा.

फिती वाट दाखवण्यासाठीच असतात असेही नाही. जखमी हरणाच्या रक्ताचे थेंब जिथे जिथे सापडले तिथे शिकारी फीत बांधत जातो, म्हणजे माग हरवला तर मागे वळून दिशा पाहता येते; अशी फीत सोडली तर ते जनावर सापडायचे राहून जाते. वनखात्याची माणसे तोडीच्या झाडांची हद्द आणि संशोधक आपले नमुना-चौकोनही फितींनीच दाखवतात. म्हणून नियम सोपा ठेवावा: गाठ मारलेली फीत सोडू नये, गाठ सुटून जमिनीवर पडलेली खुशाल उचलावी.

चौथी पायरी: कॅमेऱ्यासमोरून सरळ निघून जावे

खोडाला कमरेच्या उंचीवर बांधलेली डबी म्हणजे ‘ट्रेल कॅमेरा’. ताडोबातल्या वाघांच्या गणनेमुळे ‘कॅमेरा ट्रॅप’ हे नाव आपल्या कानावर असते, तेच यंत्र. समोरून उष्ण शरीर हलले की तो फोटो काढतो, रात्री अवरक्त प्रकाशात काढतो, आणि सिमकार्ड असलेले नमुने तो फोटो लगेच मालकाच्या मोबाइलवर पाठवतात. आपले कुटुंब त्यात टिपले जाणारच. ते आवडले नाही तरी डबी उघडणे, मेमरी कार्ड काढून ‘फक्त आपले फोटो’ पुसणे, कॅमेऱ्याचे तोंड फिरवणे किंवा भिंगावर पान चिकटवणे यांपैकी काहीही करू नये. कार्ड काढणे ही चोरीच ठरते, आणि ती करतानाचे आपले फोटो आधीच कोणाच्या तरी खिशात पोहोचलेले असतात. मुलांनी त्याच्यासमोर वेडेवाकडे तोंड केले तर करू द्यावे. कोणत्या तरी शिकाऱ्याच्या हरणांच्या अल्बममध्ये आमच्या धाकटीची जीभ आहे.

पश्चिमेकडील राज्यांत फिरायला जाणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावण्यास बंदी घातली आहे, तर नेवाडा आणि युटा यांनी सरकारी जमिनीवर वर्षातील काही महिन्यांपुरती बंदी ठेवली आहे. तिथे बंदीच्या काळात दिसलेला कॅमेराही आपण काढायचा नसतो. तो संशोधकाचा किंवा खात्याचाच असू शकतो, आणि नसला तरी कारवाई अधिकाऱ्याने करायची आहे.

पाचवी पायरी: सापळे, आणि आपला कुत्रा

हा भाग कुत्रा पाळणाऱ्यांनी दोनदा वाचावा. अनेक राज्यांत सरकारी जमिनीवर परवाना घेऊन सापळे लावता येतात, आणि बहुधा त्यांना मालकाचे नाव किंवा क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते. दुसऱ्याचा सापळा मिटवणे, हलवणे किंवा त्यातला वन्य प्राणी सोडून देणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा असतो. अडकलेले जनावर पाहून पोटात कालवाकालव होते, हे मी नाकारत नाही. तरीही जवळ न जाता गेम वॉर्डनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला, कळवावे. घाबरलेला कोल्हा किंवा रॅकून आपले उपकार मानत नाही, चावतो.

आपलाच कुत्रा अडकला तर मात्र त्याला सोडवावेच लागते. प्रथम जाकीट त्याच्या डोक्यावर टाकावे, कारण वेदनेत लाडका कुत्राही चावतो. पाय पकडणाऱ्या सापळ्याला दोन्ही बाजूंना दांडे असतात. सापळा कठीण जमिनीवर टेकवून दोन्ही दांडे दोन पायांनी एकाच वेळी दाबले की जबडे सैल पडतात. फासाच्या तारेत अडकला असेल तर कुत्र्याला ओढू न देता तारेवरील कडी मागे सरकवावी. पिशवीत तार कापायची मजबूत पक्कड असेल तर उत्तम. सर्वांत धोकादायक सापळा म्हणजे दोन चौकटींचा, अंगावर मिटणारा. तो गळ्यावर बसला तर काही मिनिटेच हाताशी असतात आणि त्याच्या स्प्रिंगा नुसत्या हातांनी दाबल्या जात नाहीत. अशा वेळी कुत्र्याचा पट्टा एका स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवावा, एक टोक पायाखाली दाबून दुसरे वर खेचावे, कड्या जवळ आल्या की स्प्रिंगवरचा आकडा अडकवावा, आणि मग दुसरी स्प्रिंग तशीच बंद करावी. हे वाचून जमत नाही. राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी याची चित्रे आणि चित्रफिती दिलेल्या असतात. त्या घरी पाहून हालचाल पाठ करावी. कुत्रा सुटल्यावर सापळा तिथेच सोडावा, पट्टीचा फोटो घ्यावा आणि खात्याला कळवावे. या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे हंगामात कुत्र्याला मोकळे न सोडणे.

सहावी पायरी: मारलेले जनावर, बाण, पाण्यावरची बदके

कागदी किंवा प्लॅस्टिकची चिठ्ठी बांधलेले मृत हरीण वाटेत दिसले, तर शिकारी ते ओढून नेण्यासाठी मदत किंवा घसरगाडी आणायला गेला आहे असे समजावे. चिठ्ठी हे त्याच्या परवान्याचे कायदेशीर चिन्ह असते, तिला हात लावू नये. नुसता कोथळा पडलेला असेल तर तो बेजबाबदारपणा नव्हे. जनावर तिथेच साफ करण्याची इथे रीत आहे आणि डोमकावळे, गरुड, कायोटी तो दोन-तीन दिवसांत संपवतात. कुत्र्याला तेवढे लांब ठेवावे.

हुकलेला बाण सापडला तर मुलांच्या हाती देऊ नये, त्याच्या टोकाची पाती वस्तऱ्याइतकी धारदार असतात. दलदलीत कायाक चालवताना जागचे न हलणारे बदकांचे थवे दिसले तर ती दोरीला वजन लावून सोडलेली बनावट बदके असतात, आणि त्यांचा मालक समोरच्या वेतात बसलेला असतो. लांबून वळसा घालावा.

सातवी पायरी: वस्तू खरोखरच सोडून दिलेली वाटली तर

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर गंजलेले, नाव पुसलेले, पट्टा सालीत रुतून बसलेले मचाण दिसते. हंगामानंतर ठरावीक दिवसांत मचाण काढणे अनेक राज्यांत बंधनकारक असल्यामुळे ते बहुधा नियमाबाहेर राहिलेले असते, तरीही ‘ज्याला सापडेल त्याचे’ हा न्याय येथे चालत नाही. कदाचित मालक आजारी पडला असेल. आमच्या भागात एक मचाण दोन हिवाळे तसेच उभे होते, आणि तिसऱ्या वर्षी एक तरुण मुलगा आजोबांचे म्हणून ते उतरवून घेऊन गेला. आपण उचलावे ते असे: रिकाम्या काडतुसांची प्लॅस्टिकची टरफले, बाटल्या, खाऊची वेष्टने. न उडालेले काडतूस उचलू नये, त्याची जागा कळवावी.

कळवताना पोलिसांच्या ९११ क्रमांकावर फोन करू नये. नियमभंगाच्या तक्रारींसाठी राज्यांच्या वेगळ्या वाहिन्या असतात, जसे मिशिगनचे ‘रॅप’ किंवा मिनेसोटाचे ‘टिप’, आणि नुसत्या बेवारस वस्तूसाठी त्या जमिनीच्या व्यवस्थापन कार्यालयाला कामाच्या वेळेत फोन केला तरी पुरतो. वाहनतळाचे नाव, तिथून किती वेळ कोणत्या दिशेने चाललो, वस्तूवर काय लिहिले आहे आणि ती कशाला बांधली आहे, एवढे सांगावे. दोन फोटो घ्यावेत, एक जवळून चिठ्ठीचा किंवा पट्ट्याचा आणि एक दुरून सगळ्या झाडाचा, आणि ते काढण्यापूर्वी फोनमधील स्थाननोंद चालू आहे ना ते पाहून घ्यावे. जंगलातील सगळी झाडे आपल्याला सारखीच दिसतात, आणि अधिकाऱ्याला त्यांतले एकच शोधायचे असते.